कोकणातून जर्मनीत एक वर्ष: दिव्यांगांच्या शाळेतलं आणि वसतिगृहातलं स्वयंसेवकाचं काम

३१ ऑगस्ट २०२५ ला माझं जर्मनीतलं स्वयंसेवेचं वर्ष संपलं आणि अनंत चतुर्दशीच्या आधी मी वेंगुर्ल्याला घरी पोचले. तेव्हापासून ओळखीतल्या आणि ओळखीच्यांच्या ओळखीतल्या मुलामुलींचे फोन येतायत. बहुतेकांना व्हिसाचं विचारायचं असतं, मग पैशाचं. काम नेमकं काय असतं, हे विचारणारे कमी. मला मात्र तिन्ही गोष्टी एकत्रच सांगाव्याशा वाटतात. कामाची काहीच कल्पना नसताना नुसते कागद जमवून आलेल्या मुलांचे तिथे फार हाल झालेले मी पाहिलेत.

आधी ही योजना काय आहे ते. जर्मनीत पूर्वी तरुणांना लष्करी सेवा सक्तीची होती. ज्यांना हातात बंदूक धरायची नसे, ते त्याऐवजी रुग्णालयात, वृद्धाश्रमात किंवा अपंगांच्या संस्थेत काम करत. २०११ मध्ये ही सक्ती स्थगित झाली, तेव्हा ते सगळे हात एकदम कमी होणार होते. म्हणून त्याच वर्षी १ जुलैपासून केंद्र सरकारची स्वयंसेवा योजना सुरू झाली. तिचं नाव बुंडेसफ्रायविलिगनडीन्स्ट, पण सगळे बीएफडीच म्हणतात. मुदत साधारण बारा महिने, वयाला वरची मर्यादा नाही. एफएसजे नावाची दुसरी जुनी योजना आहे, तिच्यासाठी मात्र वय सत्तावीसच्या आत लागतं. दोन्हीत पगार नसतो. हातखर्च मिळतो, सरकारी आरोग्यविम्याचे पैसे काम देणारी संस्था भरते आणि बऱ्याच ठिकाणी राहण्याजेवणाची सोय असते. हातखर्चाची कमाल मर्यादा २०२४ मध्ये महिना ६०४ युरो होती, २०२५ मध्ये ६४४. प्रत्यक्षात अनेक संस्था त्याहून बरंच कमी देतात. मला ४२० मिळायचे, खोली आणि जेवण संस्थेचं.

माझं जाण्याचं कारण घरातलंच होतं. मावशीचा मुलगा सोळा वर्षांचा आहे, आम्ही त्याला बाबू म्हणतो. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. चालता येत नाही, बोलता येत नाही, समजतं सगळं. चौथीपर्यंत वाडीतल्या शाळेत मावशी त्याला कडेवर नाहीतर पाठुंगळी घेऊन जायची. पुढची शाळा घाटी उतरून खाली. तो वाढला, तिची कंबर धरली, आणि शाळा सुटली ती सुटलीच. मी तालुक्याला एका लहान शाळेत शिकवत होते. वर्गात चाळीस मुलांना शिकवता येत होतं, पण बाबूपुढे बसलं की काय करायचं ते कळत नसे. जाणार म्हटल्यावर आजी म्हणाली, "घरातल्या पोराक बघूक माणूस नाय, नि तू परक्या मुलखात लोकांची पोरां सांभाळूक जातलंस?" प्रश्न चुकीचा नव्हता. मी म्हटलं, शिकून येते.

भाषेची सुरुवात त्याआधी दीड वर्ष केली होती. क्लास ऑनलाइन. घरात रेंज यायची नाही, त्यामुळे संध्याकाळी काजूच्या बागेच्या वरच्या गडग्यावर बसायचं आणि पावसात मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात जर्मनच्या बी-१, म्हणजे मधल्या पातळीची परीक्षा दिली. वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार भाग असतात आणि प्रत्येकात शंभरपैकी साठ लागतात. एखादा भाग राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो, त्यामुळे घाबरून पूर्ण परीक्षा पुढे ढकलू नका. त्याखालच्या ए-२ पातळीवरही काही जागा मिळतात, पण मी तरी बी-१ शिवाय जाऊ नका असंच सांगेन. तिथली माणसं हळू बोलतात ती तुमच्याशी. आपसात काम वाटून घेताना बोलतात ते तुम्हाला कळलं पाहिजे, कारण त्या बोलण्यात कोणाला आज गिळायला त्रास होतोय, कोणाची गोळी बदललीय, हे असतं.

पासपोर्ट आधीच, नोव्हेंबर २०२३ मध्ये काढला. फी १५०० रुपये. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, आणि वडिलांचं नाव कधी आहे कधी नाही, असं हमखास असतं. ते पासपोर्टच्या आधी नीट करून घ्या. पुढचा प्रत्येक जर्मन कागद पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर अक्षर जुळवून बघतात. पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचं नाव असेल तर तिथे तुमचं दुहेरी नाव धरतात. वर्षभर माझ्या दारावरच्या पाटीवर माझ्यासोबत बाबांचंही नाव होतं.

जागा शोधायला कोणालाही पैसे द्यावे लागत नाहीत, ही गोष्ट मला मोठ्या अक्षरात लिहायची आहे. योजनेच्या सरकारी संकेतस्थळावर संस्था शोधायची सोय आहे आणि अर्ज थेट संस्थेला ईमेलने करता येतो. मला एका एजंटाने याच कामाचे दोन लाख सांगितले होते. माझ्या ओळखीच्या एका मुलीने कर्ज काढून असे पैसे भरले आणि तिथे जाऊन हातखर्चातून ते फेडत बसली. मी बायोडेटा आणि एक पानाचं पत्र लिहून बऱ्याच संस्थांना पाठवलं. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही, काहींनी परदेशातली मुलं घेत नाही असं कळवलं. फेब्रुवारीत बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यातल्या एका संस्थेने व्हिडिओवर मुलाखत ठेवली. हिवाळ्यात त्यांचं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे, उन्हाळ्यात साडेतीन. वेळ ठरवताना हे बघा. मुलाखत घेणाऱ्या बाईंचा पहिलाच प्रश्न होता, मोठ्या वयाच्या बाईला आंघोळ घालणं, तिचं डायपर बदलणं जमेल का? मी बाबूचं सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, घरच्या माणसाचं करणं आणि परक्या माणसाचं करणं यात काय फरक असेल असं तुम्हाला वाटतं? मी म्हटलं, परक्याला आधी विचारावं लागेल. त्या लिहून घेत होत्या.

करारावर तीन सह्या लागतात: तुमची, संस्थेची आणि कोलोनमधल्या केंद्रीय कार्यालयाची. तिसऱ्या सहीला काही आठवडे जातात, ते धरून चला. मधल्या काळात मी दोन कागद उरकले. एक, पोलिसांचा चारित्र्य दाखला, तो पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरूनच मिळतो, फी ५०० रुपये. दुसरा गोवराच्या लसीचा पुरावा. याबद्दल मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं. मार्च २०२० पासून जर्मनीत शाळेत किंवा अशा संस्थेत काम करणाऱ्या, १९७० नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला गोवराचे दोन डोस झाल्याचं दाखवावं लागतं. माझ्या वयाच्या मुलांना लहानपणी सरकारी लसीकरणात गोवराचा एकच डोस मिळायचा, दुसरा २०१० नंतर आला. आईने ट्रंकेतून माझं पिवळं पडलेलं कार्ड काढलं, त्यावरही एकच नोंद. म्हणून खासगी डॉक्टरांकडे एमएमआरचे (गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्र लस) दोन डोस चार आठवड्यांच्या अंतराने घेतले आणि शिक्क्यासह इंग्रजीत लिहून घेतलं. हे अंतर लक्षात घेऊन वेळेत सुरुवात करा.

व्हिसाची तारीख मिळाली मेच्या मधली. मे महिन्यात कोकणातून मुंबईला जायचं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. रेल्वेचं तिकीट मिळणं शक्यच नव्हतं, रात्रीच्या बसने गेले आणि एक दिवस आधी डोंबिवलीला आत्याकडे उतरले. सकाळची वेळ असेल तर आदल्या दिवशीच पोचा. फी ७५ युरो, ती रुपयांत भरायची, वर अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचा थोडा आकार. कागद असे होते: करार, बी-१ चं प्रमाणपत्र, शिक्षणाचे दाखले, एकही महिना रिकामा न सोडलेला बायोडेटा, आणि मी हे का करते व परत आल्यावर काय करणार ते सांगणारं पत्र. बँकेत लाखो रुपये अडकवून दाखवावे लागले नाहीत, कारण हातखर्च, खोली, जेवण करारातच लिहिलेलं होतं. खिडकीवरच्या बाईंनी जर्मनमधून दोन-तीन प्रश्न विचारले, सगळे त्या पत्रातलेच. पत्र इंटरनेटवरून उचललेलं असेल तर तिथेच कळतं. २०२५ पासून राष्ट्रीय व्हिसाच्या अनेक प्रकारांचा अर्ज जर्मन परराष्ट्र खात्याच्या पोर्टलवर ऑनलाइन भरता येतो. कागद तपासून मगच बोलावतात, तेव्हा आधी ते बघा.

मग वाट बघणं. जून गेला. पाऊस लागला, लावणी झाली, शाळेला राजीनामा दिलेला, आणि गावात भेटेल तो "कधी जातंस?" विचारी. या काळात मन फार खचतं, हे खरं. जुलैच्या शेवटी पासपोर्ट कुरिअरने आला. विमानाचं तिकीट मी व्हिसा हातात आल्यावरच काढलं. महाग पडलं, पण आधी काढून बुडवलेली मुलं मला माहीत आहेत. परीक्षा, प्रवास, लस, व्हिसा, विमान, गरम कपडे सगळं धरून खर्च लाखाच्या थोडा वर गेला. बाबांनी काजूचे पैसे त्यासाठी बाजूला ठेवले होते.

२०२४ ची गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. त्या दिवशी मी तिकडच्या एका लहान गावात नगरपालिकेच्या कागदांची फाइल लावत होते. पोचल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि घरमालकाचं पत्र लागतं. माझ्यासाठी ते संस्थेने दिलं. त्यानंतर बँक खातं, विमा, मग परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून वास्तव्याचं कार्ड. कार्ड यायला वेळ लागतो. व्हिसा संपायच्या आत अर्ज केल्याची पोच जपून ठेवा, तिच्यावर कायदेशीर राहता येतं.

काम आठवड्याला एकोणचाळीस तास. दुपारपर्यंत शाळेत, नंतर कधी संध्याकाळी तर कधी पहाटे वसतिगृहात. सकाळची पाळी सव्वासहाला. रात्रपाळीवाल्यांची वही वाचायची, हातमोजे चढवायचे, उठवायचं, संडास, आंघोळ, कपडे, नाश्ता. शाळेची गाडी आठच्या आधी येते. शाळेत सकाळी सगळे गोल करून बसतात: आज कोण आलंय, कोण नाही, वार कोणता, बाहेर ऊन की पाऊस, प्रत्येक गोष्टीचं चित्र फळ्यावर लागतं. सहा-सात मुलांच्या वर्गाला दोन शिक्षक आणि वर आम्ही. हे आकडे मी इकडच्या माझ्या जुन्या शाळेतल्या मुख्याध्यापिकेला सांगितले तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

स्वयंसेवकाला औषध द्यायची परवानगी नसते, हे पहिल्या दिवशी सांगतात. एकदा मधल्या सुट्टीत वर्गातल्या एका मुलीला फिट आली. शिक्षिकेने तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली स्वतःचा स्वेटर सरकवला आणि मला एवढंच म्हणाली, "घड्याळ." माझं काम सेकंद मोजून मोठ्याने सांगायचं. त्या मुलीच्या कागदावर तीन मिनिटं लिहिलेली होती, तेवढ्यात थांबली नाही तर गालात द्यायचं औषध, तेही शिकलेल्या माणसानेच द्यायचं. औषधाची वेळ यायच्या आत फिट थांबली. मग इतर मुलांना काय झालं ते सोप्या शब्दांत सांगितलं आणि तास पुढे सुरू झाला. आपल्याकडे अशा वेळी कांदा आणतात, चमचा दाताखाली घालतात. तोंडात काहीही घालू नका. नुसतं घड्याळ बघा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर करा, कुशीवर ठेवा.

वसतिगृहात रात्रीचं जेवण थंड असतं: पाव, चीज, काकडी, लोणी. डाउन सिंड्रोम असलेले एक गृहस्थ माझ्या शेजारी बसायचे. पस्तिशीचे, दिवसा कार्यशाळेत खोकी भरायचं काम करत. पावाला लोणी लावायला त्यांना पाव तासाच्या वर लागायचा. सुरी एका कोपऱ्यात टेकवायची, ओढायची, पाव सरकायचा, पुन्हा जागेवर आणायचा. माझ्या सहकारी बाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, हात टेबलाखाली ठेव. त्यांच्या पावाला लोणी लावून देणं दहा सेकंदांचं काम होतं, आणि ते केलं तर त्या संध्याकाळी त्यांनी स्वतः केलेली एकमेव गोष्ट मी काढून घेतली असती. मला हे सगळ्यात जड गेलं. आमच्या घरात माया म्हणजे करून घालणं. आई, मावशी, आजी, कोणाच्याही पुढ्यात ताट आपोआप येतं. हात टेबलाखाली ठेवून बसायचं म्हणजे अंग आखडून यायचं. डिसेंबरपर्यंत माझे हात आपणहून खाली राहायला लागले.

शाळेत नऊ वर्षांचा एक मुलगा होता, न बोलणारा. त्याच्या चाकाच्या खुर्चीला टॅबलेट लावलेला. चित्रावर बोट ठेवलं की यंत्र तो शब्द बोलतं. गुरुवारी पोहणं असे. एकदा मी त्याची पिशवी भरली आणि त्याने "नको" दाबलं. पुन्हा विचारलं, पुन्हा "नको". शिक्षिकेला विचारलं तर ती म्हणाली, मग आज तो जाणार नाही, तू त्याच्याबरोबर वर्गात थांब. आम्ही दोघं खिडकीशी बसून गाड्या मोजल्या. "हो" आणि "नको" ही दोन चित्रं त्याला शिकवायला वर्ष गेलं होतं. त्याने "नको" म्हटल्यावर पोहायला नेलं असतं तर ते वर्ष वाया गेलं असतं, असं ती म्हणाली.

बारा महिन्यांत पंचवीस दिवस शिबिरं असतात, सक्तीची. नोव्हेंबरच्या शिबिरात आम्हाला ग्राफेनेकला नेलं. डोंगरावरचा एक जुना वाडा. १९२८-२९ पासून तिथे अपंगांची संस्था होती. १९४० मध्ये नाझींनी तिथे गॅसची खोली बांधली आणि त्या एका वर्षात १०,६५४ अपंग आणि मनोरुग्ण माणसांना मारलं. करड्या रंगाच्या बसगाड्या संस्थांमधून माणसं भरून आणत. स्मारकात नावांचं पुस्तक ठेवलंय, ते चाळता येतं. आणि तिथेच आज पुन्हा अपंग माणसं राहतात, सकाळी कामाला जातात. आम्ही उभे होतो तिथून एक आजोबा वॉकर ढकलत गेले आणि आम्हाला "सुप्रभात" म्हणाले. आमच्या संस्थेत प्रत्येक माणसाची रोज इतकी बारीक नोंद का ठेवतात, दार वाजवल्याशिवाय कोणाच्या खोलीत का जात नाहीत, हे मला त्या दिवसानंतर कोणाला विचारावं लागलं नाही.

थोडं जगण्याबद्दल. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो, त्याची तयारी ठेवा. डी जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्या आणि सुट्टीच्या दिवशी दुपारी बाहेर पडा. देशभरातल्या स्थानिक आणि प्रादेशिक रेल्वे-बसला चालणारा पास (लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांना तो चालत नाही) २०२४ मध्ये महिना ४९ युरो होता, २०२५ मध्ये ५८. सोलं, कुळथाचं पीठ, मालवणी मसाला न्या. तांदळाचं पीठ आशियाई दुकानात मिळतं, शनिवारी मी वसतिगृहात घावणे घालायचे. कोणाचाही फोटो घरी पाठवायचा नाही, हा नियम कडक आहे. बाबूला दाखवायला सुद्धा नाही. आणि हे काम जमलं तर पुढे तीन वर्षांचं व्यावसायिक प्रशिक्षण तिथेच घेता येतं, त्यात पगार मिळतो. माझ्याबरोबरच्या काहीजणी त्यासाठी थांबल्या. मला परत यायचं होतं.

निघताना कामाच्या तपशिलाचं सविस्तर प्रमाणपत्र मागून घ्या. साधं प्रमाणपत्र आपोआप देतात, सविस्तर मागावं लागतं. पत्त्याची नोंद रद्द करून त्याचा कागद घ्या, विमा कंपनीला आणि बँकेला कळवा.

घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात मावशीकडे गेले. बाबूच्या रोजच्या वस्तूंचे फोटो काढले, वेंगुर्ल्यात झेरॉक्सवाल्याकडे छापून लॅमिनेट केले. स्पेनमधल्या आरागोन सरकारचा आरासाक नावाचा चित्रसंग्रह फुकट उतरवून घेता येतो, "हो" आणि "नको" त्यातले घेतले. तीन आठवडे फक्त तेवढंच. मावशी अधूनमधून त्याचं मनगट धरून बोट टेकवायला जायची, मी तिला हात पदरात ठेवायला लावायचे. एका सकाळी तिने नेहमीची नाचणीची आंबील पुढे धरली आणि बाबूची मूठ घासत घासत "नको"वर गेली. लहान होता तेव्हापासून ती त्याला रोज सकाळी आंबील भरवतेय. ती वाटी घेऊन तशीच बसली, मग मला म्हणाली, "आता ह्याका काय दिऊ ता इचार." तांदळाची पेज आणि दूध-घावणे यांचे फोटो पुढे केले. त्याने घावणे दाखवले.

दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने सहा ते अठरा वर्षांच्या, चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे. तीव्र अपंगत्व असेल तर समग्र शिक्षा योजनेत घरी येऊन शिकवायचीही तरतूद आहे. बाबूचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र, ओरोसच्या जिल्हा रुग्णालयातून आधीच झालेलं होतं, त्यामुळे अर्जाला वेळ लागला नाही. अर्जाबरोबर कार्डाची प्रत, चौथीचा दाखला, रहिवासी दाखला आणि दोन फोटो जोडले, पोच घेतली. ऑक्टोबरच्या शेवटी विशेष शिक्षक येऊन त्याला बघून गेले. आता दर बुधवारी येतात.